एक्क्याऐंशी सालचा मोखोव

प्रिय ग्लेब,

आपल्या हॉकी क्लबला ऐंशी वर्षं झाली म्हणून पुस्तक काढतायत. त्या कमिटीवाल्यांनी तुझ्यावर एक पान लिहून मागितलं होतं. दिलं लिहून. परवा ते परत आलं, सोबत चिठ्ठी: मजकूर उत्तम आहे, फक्त कागदपत्रांचा तो भाग गाळावा, क्लबच्या नावाला बरं दिसत नाही. आता तो भाग गाळला तर उरतं काय, सांग बघू. तेरा हंगाम वरच्या लीगमध्ये, सातशेच्या वर सामने आणि एकसष्ट गोल. आघाडीच्या फळीत खेळणारा, सातशे सामने, गोल एकसष्ट! वाचणारा विचारेल, हा गृहस्थ बर्फावर करत तरी काय होता?

तेव्हा त्यांच्या पुस्तकाचा नाद मी सोडला. तू म्हणशील, 'जाऊ द्या ना, नेओनिला ल्वोव्ना.' जाऊ द्यायची सवय मला कधी नव्हती, आता एकोणऐंशीव्या वर्षी कुठे लावून घेऊ? सगळी गोष्ट सांगते, परक्यांना सांगावी तशी. तिच्यात मी जिथे येईन तिथे मला नुसतं 'गणिताच्या बाई' म्हणेन. मध्ये बोलू नकोस. तसा वर्गातही तू बोलायचा नाहीसच.

उरालमधल्या कामेन्नी लोग गावात बर्फावरची हॉकी खेळणाऱ्या पोरांची ओळख आधी सालाने होते, मग नावाने. एक्क्याऐंशीचे, ब्याऐंशीचे, त्र्याऐंशीचे. ज्या साली जन्मलात त्या सालाचा संघ आणि त्या सालाचा प्रशिक्षक. सातव्या वर्षी त्याच्या हाताखाली जायचं आणि सतराव्या वर्षी बाहेर पडायचं. दुकानाच्या रांगेत बायकासुद्धा एकमेकींना विचारतात, "तुमचा कितीचा?"

ग्लेब मोखोव एक्क्याऐंशीचा. पण वीस डिसेंबरचा, म्हणजे सालाच्या अगदी शेपटाकडचा, आणि अंगाने किडकिडीत. त्याच्याच सालातली जानेवारी-फेब्रुवारीची पोरं त्याच्याहून वीतभर उंच होती. चकती त्याच्या स्टिकवर आली रे आली की दोघं जण त्याला कठड्यावर चेपायचे आणि चकती घेऊन चालते व्हायचे. त्र्याण्णवच्या वसंतात, तो अकरा वर्षांचा असताना, पुढच्या हंगामाची यादी क्लबच्या दारावर लागली. ग्लेबने ती तीनदा वाचली. त्याचं नाव नव्हतं.

त्याच रविवारी अर्काडी फोमिच ल्याखोव मोखोवांच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. ल्याखोव त्र्याऐंशीच्या पोरांचे प्रशिक्षक. राहायला त्याच इमारतीत, दोन मजले वर. ग्लेब पाच वर्षांचा असताना अंगणातल्या बर्फावर त्याच्या स्केट्सच्या नाड्या पहिल्यांदा बांधल्या त्या त्यांनीच, हातमोजे काढून, उणे पंचवीसच्या थंडीत.

"पोराचे हात चांगले आहेत, इग्नात," ते ग्लेबच्या बापाला म्हणाले. "अंग तेवढं मागे पडलंय. दोन वर्षं मिळाली ना, तर बघत राहाल."

"दोन वर्षं आणायची कुठून?" ग्लेबची आई ताइसिया चहा ओतता ओतता म्हणाली.

"आणायची कशाला? लिहायची. एक्क्याऐंशीच्या जागी त्र्याऐंशी. माझ्याकडे घेतो."

"म्हणजे खोटं लिहायचं."

"अहो ताइसिया, सगळं उराल लिहितंय! मागच्या महिन्यात आम्ही ज्यांच्याशी खेळलो ना, त्यांच्या गोलीला, गोल राखणाऱ्या पोराला, मिशा आहेत. कागदावर वय दहा!"

"मिशा?" इग्नातला हसू आलं.

"मिशा! या डोळ्यांनी पाहिल्यात. बापाच्या आहेत तशा."

"मी त्याला एक्क्याऐंशीत जन्म दिलाय," ताइसिया म्हणाली. "कळा मी सोसल्या, तुम्ही नाही. त्र्याऐंशीत मी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये सूप ढवळत होते, कुणालाही विचारा."

"तू जरा गप्प बस गं," इग्नात म्हणाला. मग दाराकडे वळून, "ग्लेब्का, दारामागून ऐकतोयस ते दिसतंय मला. खेळायचंय का नाही?"

"खेळायचंय," ग्लेब म्हणाला. एवढंच. पण ते त्याने म्हटलं होतं आणि पुढे कधी नाकारलं नाही.

ताइसियाच्या माहेरच्या खेड्यात जन्माची नोंद होती. ती 'गहाळ झाली' आणि नवा दाखला मिळाला. कारखान्यात त्या वर्षी पगाराऐवजी एनॅमलची भांडी वाटत होते. दोन बादल्या आणि साखरेचं एक पोतं तिथल्या कारकून बाईच्या घरी पोचलं. शरद ऋतूत सहावी पास झालेला ग्लेब तीन नंबरच्या शाळेत पाचवीत जाऊन बसला.

तिथे गणिताच्या बाईंनी त्याला दुसऱ्याच आठवड्यात पकडलं.

"मोखोव, हे समीकरण असं सोडवायला कुणी शिकवलं तुला?"

"घरी."

"घरी कुणी?"

"बाबांनी."

"तुझे बाबा कारखान्यात लोखंडाचे पाइप ओढतात. समीकरणं कधीपासून ओढायला लागले?"

वर्ग हसला. ग्लेबचे कान लाल झाले. बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या. मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्ही हुशार आहात, मग न समजल्यासारखं करा. त्र्याऐंशीचे जिंकतायत. गावाला पाच महिने पगार नाही, निदान एखादी गोष्ट तरी लोकांना जिंकू द्या." बाई परत आल्या आणि गप्प बसल्या. चुकलंच त्यांचं.

आणि त्र्याऐंशीचे जिंकलेच. ग्लेब आता वर्गात सगळ्यांत उंच होता, बर्फावर सगळ्यांत वेगवान. एका हंगामात नव्वद गोल. कठड्यावर आता तोच दुसऱ्यांना चेपत होता. वाढदिवसाला क्लबमध्ये केक यायचा, त्यावर कागदावरच्या वयाएवढ्या मेणबत्त्या. घरी ताइसिया स्वतः केक भाजायची, त्यावर खऱ्या वयाच्या लावायची आणि काही बोलायची नाही. इग्नात त्या मोजायचा आणि तोही काही बोलायचा नाही.

परगावी मात्र लोक बोलत. ग्लेब बर्फावर उतरला की समोरच्या गावचे आईबाप सुरू करायचे:

"ओ काका! पोरांना शाळेतून आणायची वेळ झाली!"

"अरे, त्याला पेन्शन कुठल्या पोस्टात मिळतं विचारा!"

"बायकोने सोडलं का आज खेळायला?"

ग्लेब हसायचा, स्टिक उंचावून त्यांना सलाम ठोकायचा. ल्याखोवांनीच शिकवलं होतं: हसलं की लोकांचा पचका होतो.

अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये उराल विभागाचा अंतिम सामना ऊफाला झाला. दुसऱ्या सत्रात ग्लेबने कोपऱ्यात समोरच्या पोराला खांद्याने उडवलं. नियमात बसणारा धक्का, पंचाने शिट्टीसुद्धा वाजवली नाही. पण तो पोरगा, इल्गिझ त्याचं नाव, खराखुरा चौदा वर्षांचा होता, आणि ग्लेब सोळा पूर्ण. इल्गिझच्या खांद्याचं हाड मोडलं. ग्लेबने तिसऱ्या सत्रात आणखी दोन गोल केले आणि कामेन्नी लोगला सुवर्णपदक मिळालं.

सामन्यानंतर बाहेरच्या बोळात इल्गिझची आई उभी होती, डोक्याला रुमाल. ग्लेबच्या गळ्यात पदक होतं. ती ओरडेल म्हणून त्याने आधीच हसरा चेहरा केला. ती ओरडली नाही. तिने त्याची हनुवटी धरली, दिव्याकडे वळवली, गालावरून अंगठा फिरवला.

"तू दाढी करतोस, बाळा," ती म्हणाली, आणि मुलाला घेऊन दवाखान्यात निघून गेली.

ग्लेबला इल्गिझच्या हाडाचं वाईट वाटलं, हे तर खरंच. पण परतीच्या बसमध्ये, बाकीची पोरं गात असताना, त्याच्या डोक्यात दुसराच किडा शिरला. नव्वद गोल कुणी केले? त्याने, की त्या दोन वर्षांनी? हे कसं कळायचं?

कळायचा एक रस्ता होता. इमारतींच्या मधल्या अंगणात दर हिवाळ्यात बर्फाचं मैदान करतात. नोव्हेंबरात ते धरल्यावर ग्लेबने दान्का उस्तिनोवला तिथे बोलावलं. दान्का त्याच्या मूळ संघातला बचावपटू, जानेवारी एक्क्याऐंशीचा, आता क्लबच्या तरुण संघात.

"मला अडव," ग्लेब म्हणाला. "दहा वेळा."

दान्काने नऊ वेळा चकती काढून घेतली. घाम न गाळता, जांभया देत म्हटलं तरी चालेल. दहाव्या वेळी त्याने मुद्दाम सोडलं, आणि ते दोघांनाही कळलं.

"मनावर घेऊ नको रे," दान्का म्हणाला. "बाळांमध्ये राहून तुझी सवय गेली."

"उद्या येशील?"

"कशाला?"

"परत दहा वेळा."

दान्का आठवडाभर येत राहिला. ग्लेबला एकदाही त्याच्या पलीकडे जाता आलं नाही. आठव्या दिवशी ग्लेब दोन मजले चढून ल्याखोवांच्या दारात उभा राहिला.

"फोमिच, मला माझ्या सालात जायचंय."

ल्याखोव दाराची साखळी धरून तसेच उभे. "आत ये. बूट काढ. काय म्हणालास?"

"मी एक्क्याऐंशीचा आहे. तसं लिहायला हवं."

"डोकं ठिकाणावर आहे का? मॉस्कोहून पत्र आलंय, वयोगटाच्या राष्ट्रीय संघाच्या शिबिराला बोलावलंय तुला! तुझ्या सालात तू कोण आहेस? चौथ्या, शेवटच्या फळीतसुद्धा उभं करणार नाहीत."

"चालेल."

"चालेल म्हणे! अठरा झाले की सैन्यात उचलतील. कागदावर तुला अजून तीन वर्षं आहेत, खऱ्यात एक. विचार केलायस?"

"केलाय."

ल्याखोव खुर्चीत बसले. मग आवाज खाली आला. "आणि माझं काय रे? त्या सतरा पोरांचं काय? त्यांनी कुणाचं वय चोरलं होतं?"

  "ते मला नाही माहीत, फोमिच," तो म्हणाला. "पण मला खेळता येतं की मी नुसता मोठा आहे, हे मला कळायलाच हवं."

"कळून काय करशील?"

"येत नसेल तर शिकेन."

ल्याखोवांनी त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. इग्नातने त्याहून वाईट केलं. पोराच्या पाठीत एक धपाटा घातला आणि बोलणं टाकलं. ताइसियाने मात्र दुसऱ्याच शनिवारी चांगला कोट चढवला, पिशवीत पाव आणि उकडलेली अंडी घेतली आणि मुलाला घेऊन माहेरच्या बसमध्ये बसली. दाखला बदलला होता, पण सूतिकागृहाची वही कुणी बदलली नव्हती. तिथपर्यंत कुणाची बादली पोचलीच नव्हती. तळघरात अर्धा दिवस शोधल्यावर पान मिळालं. वीस डिसेंबर एक्क्याऐंशी, मोखोवा ताइसिया, मुलगा, दोन किलो नऊशे. ताइसिया ते पान वाचून त्या तळघरातल्या बाईला म्हणाली, "बघा. मी म्हणत नव्हते?" त्या बाईला ती काय म्हणत होती हे कुठून माहीत असणार, पण तिने मान डोलावली.

कोर्टात न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "इथे बायका येतात त्या वय पाच वर्षं कमी करून मागतात. वाढवून मागणारा तू पहिलाच. कशाला हवीत तुला ही दोन वर्षं?"

"माझी आहेत," ग्लेब म्हणाला.

नव्याण्णवच्या मे महिन्यात त्याला नवा पासपोर्ट मिळाला. त्यावर १९८१. हॉकी महासंघाने त्याच्यावर एक वर्ष बंदी घातली आणि ऊफाचं सुवर्णपदक काढून घेतलं. त्याचं एकट्याचं नव्हे, सगळ्या संघाचं. ल्याखोव घरोघर जाऊन पदकं गोळा करत फिरले. बाजारात बटाटे आणायला नेतात त्या जाळीच्या पिशवीत ती सतरा पदकं घालून त्यांनी कचेरीत नेऊन दिली. अठरावं मिळालं नाही. एका पोराने ते तळ्यात फेकलं होतं. मग ल्याखोवांना काढून टाकलं. ते सार्वजनिक हमामखान्यात लोकांचे कोट सांभाळायच्या कामाला लागले. बादल्या कुणी नेल्या, सही कुणी केली, हे कुणी विचारलं नाही. इग्नातलाही नाही.

गावाने ग्लेबला सरळ केलं. मोखोवांच्या दारावर कुणीतरी कोळशाने 'गद्दार' लिहिलं आणि खाली शिवी. पावाच्या दुकानात ताइसियाला बघून रांग गप्प व्हायची. घरात इग्नात जेवताना बायकोला सांगायचा, "ताइसिया, तुझ्या मुलाला म्हणावं, मीठ सरकव." ग्लेब मीठ सरकवायचा. तीन महिने असं चाललं. मग एकदा मीठ संपलंच होतं, आणि इग्नातला सवयीने मुलावरच ओरडावं लागलं, "अरे गधड्या, संपलं तर आणायचं कुणी?" तेव्हापासून घर पुन्हा बोलायला लागलं.

बंदीच्या वर्षात ग्लेबने तीन कामं केली. सकाळी कारखान्याच्या गोदामात पेट्या उचलल्या. दुपारी एकट्याने सराव केला. आठवड्यातून तीनदा संध्याकाळी गणिताच्या बाईंच्या स्वयंपाकघरात बसून राहिलेली शाळा पुरी केली. दोन वर्षं मागे बसवलेल्या मुलाला पुढे आणायचं तर कुणीतरी बसायला हवं होतं, आणि बाईंना त्र्याण्णवपासून ती गोष्ट टोचत होतीच. तो प्रमेयं पाठ करायचा नाही, खोदायचा. एखादं अडलं की पेन्सिल चावत म्हणायचा, "परत सुरुवातीपासून." बाईंच्या हाताखालून हजार मुलं गेली. असं म्हणणारी किती? सांगायला दोन्ही हातांची बोटं लागणार नाहीत.

दोन हजार सालच्या वसंतात त्याला सैन्यात नेलं. खेळाडूंच्या तुकडीत नाही. तिथे जायला कुणीतरी शब्द टाकावा लागतो आणि त्याच्यासाठी शब्द टाकणारं गावात कुणी उरलं नव्हतं. रेल्वेच्या तुकडीत, बैकाल सरोवराच्या पलीकडे, रूळ घालायला. निघण्याआधी रीतीप्रमाणे तिघं क्षणभर सामानाशेजारी बसले. इग्नातने स्वतःचे लोकरीचे मोजे काढून त्याच्या पिशवीत कोंबले. "धुतलेले आहेत," तो म्हणाला. नव्हते.

तिकडे नदी सहा महिने गोठलेली असते. ग्लेबने फळीतून स्टिक कोरली आणि बुटाच्या टाचेचं रबर कापून चकती केली.

"मोखोव, ही टाच कुणाची?" सार्जंटने विचारलं.

"माझीच."

"मग लंगडत का नाहीस?"

"लंगडतोय, पण दोन्ही पायांनी. दोन्ही टाचा कापल्यात."

सार्जंटने त्याला चार दिवस संडास धुवायला लावले आणि पाचव्या दिवशी स्वतः नदीवर खेळायला आला. एक्क्याऐंशीचे, ब्याऐंशीचे, एकोणऐंशीचे, सगळ्या सालांचे धटिंगण तिथे होते, एकालाही धड स्केटिंग येत नव्हतं, पण गोलसमोरच्या जागेवरून ग्लेबला हलवता येत नाही हे सगळ्यांना कळलं. पाठ गोलकडे, पाय रोवलेले, मागून दोघं रेटतायत आणि हा जागचा हलत नाही. रूळ उचलून उचलून त्याची कंबर तशी झाली होती. ही गोष्ट त्याने लक्षात ठेवली.

दोन हजार दोनमध्ये तो परत आला, वय वीस, आणि थेट क्लबच्या नव्या प्रशिक्षकाकडे गेला. हा माणूस बाहेरगावचा होता, पण गोष्ट त्याच्या कानावर आलेली होती.

"लहान पोरांना नव्वद गोल मारणारा तूच का?"

"हो."

"आणि आपल्या वयाच्यांना किती?"

"एकही नाही. म्हणून तर आलोय."

प्रशिक्षक हसला नाही. "गोल मारणारे माझ्याकडे सहा आहेत."

"मला गोल मारायचे नाहीत. कोपऱ्यातून चकती काढणारा आहे का? गोलसमोर मार खात उभा राहणारा?"

"तसले कुणी स्वतःहून होत नाहीत."

"मी होतो."

खालच्या लीगमध्ये चार वर्षं त्याने तेच केलं. समोरचा चकती मारायला स्टिक उचलतो तेव्हा शहाणा माणूस बाजूला होतो. ग्लेब पुढे सरकून आडवा पडायचा. पायाचं हाड दोनदा मोडलं. पुढचे चार दात गेले, मग आणखी तीन. डॉक्टर म्हणाले सहा आठवडे. तो सतराव्या दिवशी सरावाला. "तुला एवढी कसली घाई आहे?" प्रशिक्षकाने विचारलं. "दोन वर्षं मागे आहे," ग्लेब म्हणाला. सराव संपला की पोरं अंघोळीला पळायची आणि हा एकटा कोपऱ्यात चकती टाकून, पाठीने कठडा शोधत, ती पायाने स्टिककडे ओढायचा. शंभर वेळा उजवीकडून, शंभर वेळा डावीकडून.

दोन हजार सहामध्ये व्होल्गाकाठच्या एका शहरातल्या वरच्या लीगच्या संघाने त्याला चौथ्या फळीसाठी घेतलं. वय चोवीस, या धंद्यात सुरुवात करायला उशीरच. पहिला गोल नवव्या सामन्यात झाला. त्याच्याच संघाच्या बचावपटूने लांबून चकती मारली, ग्लेब नेहमीसारखा गोलसमोर पाठ करून रेटारेटीत उभा, चकती त्याच्या ढुंगणाला लागली आणि आत गेली. घरी फोन केला तेव्हा ताइसिया रडत होती. इग्नातने फोन ओढून घेतला.

"टीव्हीवर दाखवलं. तीनदा दाखवलं, हळू करून. शेजारीपाजारी सगळे बघायला होते."

"मग?"

"मग काय! ढुंगणाने का होईना, गेला ना आत?"

त्या सामन्याच्या छापील कार्यक्रमातलं एक पान ग्लेबने फाडून आईला पाठवलं. खेळाडूंच्या यादीत बोटाएवढी ओळ होती: मोखोव, आघाडी, १९८१. ताइसियाने ते पान फ्रिजवर लावलं आणि वर्षभर कुणाला हलवू दिलं नाही.

तो हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात तो गावी आला तेव्हा दान्काला शोधून काढलं. दान्का तीन वर्षांपूर्वीच खेळ सोडून टायर विकत होता, पोट सुटलं होतं. ग्लेबने त्याला ओढत रिंकवर नेलं.

"दहा वेळा," ग्लेब म्हणाला.

"अरे, मी टायर विकतो आता! मेलो तर बायकोला काय सांगशील?"

"दहा वेळा."

ग्लेब दहापैकी तीनदा पलीकडे गेला. दान्का कठड्याला टेकून धापा टाकत होता. "बघ," तो म्हणाला, "या पोटानिशी सात! माझ्या पोटाला राष्ट्रीय संघात घ्यायला हवं." ग्लेब इतका हसला की त्याला बर्फावर बसावं लागलं. त्याला पाहिजे होतं ते उत्तर मिळालं होतं. उस्ताद तो नव्हता आणि होणारही नव्हता. पण खेळाडू होता. त्याच्या सालच्या माणसांत उभं राहून, त्यांचे धक्के खाऊन, जागा न सोडणारा. वरच्या लीगमध्ये तेरा हंगाम ती जागा त्याने सोडली नाही. सहा प्रशिक्षक आले आणि गेले. प्रत्येकाने पहिल्या आठवड्यात विचारलं, याचा उपयोग काय, आणि दुसऱ्या महिन्यात कळल्यावर त्याला बाहेर बसवायचं धाडस केलं नाही. गोल दुसरे करायचे. त्या वेळी गोलीला समोरचं का दिसलं नाही, हे पत्रकार लिहीत नाहीत. गोलीच्या डोळ्यांसमोर मोखोव उभा असायचा.

शेवटचा हंगाम त्याने गावच्या क्लबकडून खेळायचं ठरवलं. दोन हजार वीसचा फेब्रुवारी, वय अडतीस, निरोपाचा सामना. कोळशाने दारावर लिहिणाऱ्यांनीच आता पोरांना त्याच्या सहीसाठी रांगेत उभं केलं होतं. सामन्याच्या चार दिवस आधी तो गणिताच्या बाईंकडे आला, बूट काढले, त्या स्वयंपाकघरातल्या आपल्या जुन्या जागी बसला आणि खिशातून एक पाकीट काढलं.

"दोन तिकिटं आहेत, सहावी रांग. आणि चिठ्ठी. फोमिचना द्यायचीत."

"तू दे की. दोन मजले चढायचे."

"दार उघडत नाहीत मला. फोन केला की ठेवतात. एकवीस वर्षं झाली. तुमच्या हातून घेतील."

"तो माणूस कुणाच्या हातून काही घेत नाही."

"तुमच्या घेतील. तुम्ही कधी कुणाची बाजू घेतली नाहीत."

"मी तुझीच बाजू घेतली, मूर्खा."

"ते त्यांना माहीत नाही," ग्लेब म्हणाला आणि हसला, सात दात नसलेलं ते हसू. चिठ्ठीत काय आहे ते बाईंनी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. बाईंनी पाकीट घेतलं. म्हणाल्या, देते.

आता 'बाई' पुरे. मी बोलते.

ग्लेब, त्या चार दिवसांत दोनदा मी तुमच्या इमारतीपर्यंत गेले. गुडघे दुखत होते, हे खरं. लिफ्ट नाही, हेही खरं. पण मी वर गेले नाही ते गुडघ्यांमुळे नाही. साखरेचं पोतं ल्याखोवच्या डोक्यातून निघालं होतं. तू तेव्हा अकरा वर्षांचा होतास आणि तो पन्नासचा. तुझ्या त्या संध्याकाळी तो सहाव्या रांगेत बसून टाळ्या वाजवेल आणि लोक म्हणतील, बघा, पहिला गुरू, हे मला सोसवलं नसतं. म्हटलं, उद्या देईन. मग सामना झाला. तू बर्फावरून दोनदा सहाव्या रांगेकडे बघितलंस, मी तिच्याच वरच्या रांगेत होते, मला दिसलं. जिन्यात तू म्हणालास, "नाही आले ना. त्यांचा हक्क आहे." मी म्हटलं, "चल, थंडी आहे."

ल्याखोव त्याच साली ऑक्टोबरात गेला. तू पुष्पचक्र घेऊन मागे उभा राहिलास, जवळ गेला नाहीस, कारण तुला वाटलं त्याने तुला माफ केलं नव्हतं. केलं होतं की नव्हतं ते मला माहीत नाही. पाकीट माझ्याकडे आहे, तुझ्याच हाताने चिकटवलेलं. मी ते दिलंच नाही.